माळवदावरची माती: पहिला फूट हवामानाचा, पुढचे कोणाचे?

माझ्या संशोधन-प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘मराठवाड्यातल्या घरांच्या जाड भिंती आणि मातीचं छत हे तिथल्या उष्ण, कोरड्या हवामानाला दिलेलं उत्तर आहे.’ मला ते इतकं उघड वाटत होतं की त्याला पुरावा जोडायचं सुचलंसुद्धा नाही. मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, ‘मग उत्तरेच्या भिंतीला खिडकी का नाही?’

प्रश्न साधा आहे. उत्तरेच्या भिंतीवर पूर्व-पश्चिमेच्या मानाने ऊन कमी पडतं. तिथे खिडकी ठेवली, दिवसा झाकली आणि रात्री उघडली, तर उन्हाळ्यात फायदाच आहे. तरीही जुन्या माळवदाच्या घरांना बाहेरच्या बाजूनं खिडक्या जवळजवळ नसतातच, कुठल्याच दिशेला. हवामान हेच कारण असेल तर निदान उत्तरेची भिंत वेगळी दिसायला हवी होती.

या एका प्रश्नावरून माझा विषय बदलला. हा लेख त्याबद्दल आहे. पीएचडीची तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट यातून मिळावी अशी इच्छा आहे: एखादी जुनी गोष्ट ‘अमुक कारणासाठी तशी आहे’ असं म्हणायच्या आधी ते कारण त्या गोष्टीचा किती भाग समजावून सांगतं हे मोजून पाहावं.

घर कसं होतं

लातूर, धाराशिव, बीड, सोलापूरचा काही भाग हा सगळा पट्टा दख्खनच्या काळ्या दगडावर बसलेला. पाऊस बेताचा, मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला जातो. कोकणात पावसामुळे छताला उतार द्यावाच लागतो, इथे सपाट छत चालतं. म्हणून इथलं घर धाब्याचं, म्हणजेच माळवदाचं.

रचना साधारण अशी. लाकडी खांब उभे करायचे, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती मोठं हे खणांवरून सांगतात. लाकूड जेवढ्या लांबीचं मिळेल तेवढाच खण. कडीपाटावर मातीचा जाड थर. ही माती काळी नसते, कारण काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यासाठी पांढरी माती लागते, गावाच्या पांढरीतली किंवा पडक्या गढीची. उजेडासाठी आणि धूर जायला छतात एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. पावसाचं पाणी पन्हाळीतून बाहेर.

भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या. दगड बहुतेक न घडवलेले. भिंतीला दोन तोंडं, एक बाहेरचं, एक आतलं, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड आणि मातीचा भराव. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, दर्शनी बाजूला ढाळज.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. छताचं ओझं मुख्यतः लाकडी खांबांवर असतं. भिंत आडोसा आहे. काही घरांत मात्र तुळयांची टोकं थेट भिंतीत घातलेली असतात, तिथे भिंतही ओझं घेते.

पहिला फूट: हवामानाचा

आता गणित. मी विज्ञानातून आले आहे, त्यामुळे पहिली धाव तिकडेच जाते. घाबरू नका, सूत्र एकच आहे आणि ते बारावीनंतरच्या भौतिकशास्त्रात येतं.

छताचा वरचा पृष्ठभाग दिवसा तापतो, रात्री निवतो. ही चोवीस तासांची लाट मातीत खाली जाताना दोन गोष्टी घडतात: तिची उंची कमी होते आणि ती उशिरा पोचते. लाट किती वेगानं मावळते हे पदार्थाच्या उष्णता-विसरणावर अवलंबून असतं. कोरड्या दाबलेल्या मातीसाठी ढोबळ किंमत धरली, तर दर १२ सेंटिमीटरला लाट साधारण ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे पहिल्या १२ सेंटिमीटरनंतर ३७ टक्के, पुढच्या १२ नंतर त्याच्या ३७ टक्के, असं.

हे वेगवेगळ्या जाडीला लावून पाहू:

२० सेंटिमीटर माती: आत पोचते सुमारे १८ टक्के लाट, साडेसहा तास उशिरा.
३० सेंटिमीटर (एक फूट): सुमारे ८ टक्के, जवळपास दहा तास उशिरा.
६० सेंटिमीटर (दोन फूट): एक टक्क्याहूनही कमी.
तुलनेसाठी १२ सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब: निम्म्याच्या आसपास, तीनेक तास उशिरा.

हे सूत्र अमर्याद जाडीच्या थरासाठी आहे. खऱ्या खोलीत वारा, दार, माणसं, चूल सगळं असतं. त्यामुळे हे आकडे तापमापकाची जागा घेऊ शकत नाहीत, पण तुलना करायला पुरेसे आहेत.

एक फूट मातीचं यश यात स्पष्ट दिसतं. मे महिन्यात छताचा पृष्ठभाग पहाटे २५ आणि दुपारी ६० अंश असेल, तर मधल्या पातळीच्या वर-खाली साडेसतरा अंशांचा फरक झाला. एक फूट मातीखाली तो दीड अंशाच्या आत येतो. शिवाय दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि उन्हाळ्यात तोवर घरचे लोक माळवदावर अंथरूण टाकून झोपलेले असतात. स्लॅबच्या घरात हीच उष्णता संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी डोक्यावर येते. पत्र्याचं तर विचारूच नका, तिथे उशीर असा नसतोच.

तर माझं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. पहिला फूट हवामानाचाच आहे.

दुसरा फूट कशासाठी?

अडचण इथून सुरू होते. जुन्या घरांवर एक फूट माती असते असं नाही. दोन फूट, अडीच फूट जाडीची माळवदं सर्रास होती. पण वरची यादी पुन्हा पाहा. एका फुटावर दीड अंशाचा फरक उरला होता. दुसरा फूट घालून तो दशांश अंशावर येईल. माजघराचं दार कोणी दोनदा उघडलं तर त्याहून जास्त फरक पडतो. हा फायदा कोणाच्या अंगाला जाणवणार नाही. जे जाणवत नाही त्यासाठी माणसं डोक्यावरून टोपल्या वाहून माती चढवणार नाहीत.

‘रोजच्या नाही, पण ऋतूच्या उष्णतेसाठी असेल’, असा बचाव करता येतो. मीही करून पाहिला. वर्षाची लाट मातीत खूप खोल जाते, सव्वादोन मीटरला ती ३७ टक्क्यांवर येते. तिच्यापुढे एक फूट आणि दोन फूट यांत फारसा फरक नाही. हा बचाव टिकला नाही.

चार-पाच दिवसांच्या उष्णतेच्या लाटेचं मात्र वेगळं आहे. पाच दिवसांची लाट एका फुटाखाली ३१ टक्के उरते, दोन फुटांखाली १० टक्के. इथे दुसऱ्या फुटाला थोडा अर्थ आहे. म्हणजे माझ्या दाव्याला एक छेद आहे आणि तो मी प्रबंधातही तसाच ठेवणार आहे. पण यासाठी माती मुद्दाम वाढवली गेली असती, तर नवं घर बांधतानाच दोन फूट घातली असती. माती मात्र वाढत जाते.

याचा पुरावा मातीतच आहे. पडक्या घराच्या माळवदाचा काप कधी बघितलात तर तो एकसंध दिसत नाही. रंगानं, पोतानं वेगळे थर एकावर एक असतात, पुरातत्त्वाच्या खड्ड्यात दिसतात तसे. मराठवाड्यातल्या कोणत्याही वयस्क माणसाला विचारा, थरांचा अर्थ ते लगेच सांगतील. पावसाळ्याच्या तोंडावर माळवद गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची, चोपायची, पन्हाळीकडे उतार नीट करायचा. गळती कुठून होते हे सापडत नाही, कारण पाणी मुरतं एका जागी आणि टपकतं दुसऱ्या. जुनी माती काढून कडीपाट तपासणं हे मोठं काम. वर चार टोपल्या टाकणं सोपं. दर वर्षी नाही, पण दोन-चार वर्षांनी बोटभर थर चढला तरी दोन-तीन पिढ्यांत फूटभर माती होते.

म्हणजे दुसरा फूट कोणी ठरवून घातलेला नाही, तो देखभालीचा साचलेला हिशेब आहे. प्रत्येक वर्षीचा निर्णय शहाणपणाचा होता. त्या सगळ्या निर्णयांची बेरीज मात्र कोणीच कधी ठरवली नव्हती.

आणि या बेरजेला वजन आहे. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे पावणेपाच टन. अडीच फूट म्हणजे बारा टन.

भिंतीची जाडी आणि आंधळी बाजू

भिंतीलाही हीच कसोटी लावू. दगड-मातीच्या भिंतीत लाट मातीपेक्षा थोडी खोल जाते, दर १५ सेंटिमीटरला ३७ टक्के. दीड फुटाला ती ५ टक्क्यांवर येते. मग तीन-चार फूट का?

एक कारण दगडाचं. न घडवलेले, गोलसर दगड चिखलात रचायचे तर बारीक भिंत उभीच राहत नाही. दगड घडवणं महाग, चुना महाग, माती आणि मजुरी स्वस्त. भिंत जाड करणं हा तोल सांभाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय होता.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. आता उत्तरेच्या खिडकीकडे येऊ. ज्या घराच्या चारही बाहेरच्या भिंती आंधळ्या आहेत पण चौकाकडे दारं-खिडक्या भरपूर आहेत, त्या घराला बाहेरच्या माणसाची काळजी आहे, उन्हाची नव्हे. धान्याचं बळद भिंतीत, दागिने भिंतीत, दार एकच आणि त्याला आडणा. दरोडे, पेंढारी आणि अगदी १९४८ पर्यंत रझाकारांचा काळ पाहिलेल्या मुलखात हे समजण्यासारखं आहे. बायकांनी बाहेरच्या नजरेत न येणं हाही त्याचा भाग होता.

तिसरं कारण प्रतिष्ठेचं. रुंद भिंत म्हणजे मोठं घर. ती सगळ्यांना परवडत नव्हती. भूमिहीन, गावकुसाबाहेरचे, मजूर यांची घरं कुडाची, गवती छपराची होती. ‘मराठवाड्याचं पारंपरिक घर’ म्हणून आपण ज्याची छायाचित्रं काढतो ते गावातल्या एका वर्गाचं घर आहे. गावातलं दुसरं घरही तितकंच पारंपरिक होतं, पण ते टिकलं नाही आणि त्याचं रेखाटनही फारसं कोणी केलं नाही.

३० सप्टेंबर १९९३

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा कुठे सुमारे आठ हजार, कुठे दहा हजारांच्या जवळ दिलेला आढळतो. (स्रोतांत आकडे वेगळे असतील तर एक निवडून दुसरा लपवू नका, दोन्ही द्या.)

तो भाग तोवर देशाच्या भूकंप-नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये तिथे लहान धक्के जाणवले होते, पण घर बांधण्याच्या पद्धतीवर त्याचा परिणाम व्हावा इतका वेळच मिळाला नाही. २००२ च्या सुधारित मानकात हा परिसर वरच्या, तिसऱ्या विभागात गेला.

वर्तमानपत्रांतून आणि नंतर लोकांच्या बोलण्यातून एक कारण पक्कं झालं: माळवदाच्या ओझ्यानं माणसं मेली. हे अर्धं खरं आहे. अभियंत्यांच्या पाहणीत दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली, भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड नव्हते. मधला भराव खाली बसला, तोंडं फुगली, आतलं तोंड खोलीत कोसळलं. दुसरी, जिथे तुळया भिंतीवर टेकल्या होत्या किंवा खांबांचे सांधे ढिले होते तिथे बारा-बारा टनांचं छत खाली आलं. पण काही घरांत भिंती पूर्ण पडूनही लाकडी सांगाडा छत डोक्यावर घेऊन उभा राहिला होता. आणि कुडाच्या, छपराच्या हलक्या घरांत जीवितहानी त्या मानाने कमी झाली, असंही त्या पाहण्यांत नोंदलेलं आहे.

इथे एक मोह होतो, तो सांगून ठेवते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याहून लहान नव्हता, तोही पहाटेचाच, आणि तिथे मृत्यू सुमारे १८०. ‘तिकडे मातीचं छत नव्हतं म्हणून’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मीही एका टिपणात लिहिलं होतं. पण डोंगराळ विरळ वस्ती आणि किल्लारीसारखी दाट गावं यांची थेट तुलना होत नाही. एका कारणाचा शोध घेताना बाकी सगळं सारखं आहे असं गृहीत धरणं ही आमच्या विज्ञानवाल्यांची जुनी खोड आहे. प्रयोगशाळेत बाकी सगळं सारखं ठेवता येतं, इतिहासात येत नाही.

परंपरा कशाची परीक्षा देते?

परंपरागत घरांबद्दल लिहिताना एक युक्तिवाद नेहमी येतो: शेकडो वर्षं टिकलेली पद्धत म्हणजे शेकडो वर्षांच्या चाचणीतून उतरलेली पद्धत. किल्लारीनं मला या युक्तिवादाची मर्यादा शिकवली.

उन्हाळा दर वर्षी येतो. चुकीचं छत घातलं तर त्याच वर्षी कळतं आणि शेजारीही शिकतो. पावसाळ्याचंही तसंच. भूकंप मात्र या पठारावर कित्येक पिढ्यांत एकदा. गवंड्याच्या आठवणीत तो नाही, त्याच्या आजोबाच्या आठवणीतही नाही. जी परीक्षा कधी झालीच नाही तिचा अभ्यास परंपरा करत नाही.

उलट उदाहरण हिमालयाचं. हिमाचलातल्या काठकुणी बांधकामात दगडांच्या थरांमध्ये लाकडाचे आडवे पट्टे असतात; काश्मीरच्या धज्जी-देवारीत भिंतीचा सांगाडाच लाकडाचा, मध्ये दगड-विटांची भर. तिथे भूकंप इतके वारंवार होतात की गवंड्यांच्या हातात ते ज्ञान उतरलं. मराठवाड्याचा गवंडी कमी हुशार नव्हता, त्याला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून ‘हे घर हवामानाशी, भूमीशी एकरूप आहे’ असं वाक्य दिसलं की मी आता विचारते: भूमीच्या कोणत्या वागण्याशी? रोजच्या, वर्षाच्या, की शंभर-दोनशे वर्षांतून एकदाच्या?

वास्तुशास्त्राच्या इतिहासात हा वाद नवा नाही. १९६३ मध्ये व्हिक्टर ओल्गे यांनी हवामानाच्या आकडेवारीवरून घर कसं आखावं याचं शास्त्र मांडलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी न्यूयॉर्कमध्ये वास्तुविशारदांशिवाय घडलेल्या वास्तूंचं प्रदर्शन भरवलं आणि लोकवास्तूंकडे कौतुकानं पाहायची सवय जगाला लागली. १९६९ मध्ये अमोस रॅपोपोर्ट यांनी दोन्हींना ब्रेक लावला. त्यांचं म्हणणं होतं की हवामान घराचा आकार ठरवत नाही, फार तर त्याला वळण देतं. ठरवतात ते समाज आणि संस्कृती. मी सुरुवातीला ओल्गे वाचून थांबले होते. रॅपोपोर्ट आधी वाचले असते तर पेन्सिलीचा तो प्रश्न मलाच पडला असता.

सगळं एकत्र टाकून दिलं

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं. काही गावांत अगदी वेगळे प्रयोग झाले. गुबाळमध्ये घुमटाकार घरं उभी राहिली. बहुतेक ठिकाणी मात्र सिमेंट, विटा आणि स्लॅब. नंतरच्या अभ्यासांत दिसतं की लोकांनी या घरांना पुढे-मागे पत्र्याची शेड आणि जनावरांचे आडोसे जोडले. रोहित जिग्यासू यांनी २००२ मध्ये नॉर्वेतल्या विद्यापीठात सादर केलेला पीएचडी प्रबंध या भागातलं स्थानिक ज्ञान आणि आपत्ती यांवरच आहे. या विषयात येणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही तिथे जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम आखला होता. त्यातल्या तांत्रिक सूचना आज वाचताना मला थक्क व्हायला होतं. छतावरची माती कमी करा. भिंतीत आरपार बांधणारे घटक घाला. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या. भिंतीला वरून पट्टा बांधा. म्हणजे अभियंत्यांनी घर सुटं करून पाहिलं होतं. पहिला फूट ठेवा, दुसरा काढा. सांगाडा ठेवा, भिंत बांधून घ्या. आपलं वरचं गणित सांगतं की माती २० सेंटिमीटरवर आणली तरी ते छत स्लॅबपेक्षा थंड राहतं.

पण बहुतेक कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या मदतीत विटांची किंवा पत्र्याची नवी खोली बांधली. त्यांना दोष देणं सोपं आहे आणि चुकीचंही. ज्यांनी दगडाखालून माणसं काढली त्यांना ‘दगड वाईट नाही, रचना वाईट होती’ हे पटवणं कागदावरच सोपं. भीतीनं घर सुटं करून पाहता येत नाही. दगड, माती, माळवद, अंधार, सगळं मिळून एकच वस्तू झाली आणि ती वस्तू लोकांनी टाकून दिली. तिच्याबरोबर पहिला फूटही गेला.

आज तीस वर्षांनी उलट्या दिशेची चूक होताना दिसते. हवामान बदलाच्या चर्चेत माळवदाचं घर पुन्हा कौतुकाचा विषय झालंय. शाश्वत, थंड, मातीशी नातं सांगणारं वगैरे. त्या लिखाणात १९९३ चा उल्लेख नसतो, असला तर तळटीपेत. तेव्हा ‘मागास’ म्हणून सगळं फेकलं, आता ‘शहाणपण’ म्हणून सगळं उचलायचं. दोन्ही वेळा गृहीतक एकच: ते घर म्हणजे कोणीतरी एकदाच घेतलेला एक निर्णय होता.

तसं ते नव्हतं. एक फूट उन्हासाठी, एक फूट गळतीसाठी, भिंतीची जाडी दगडाच्या आकारासाठी आणि मानासाठी, आंधळ्या बाजू भीतीसाठी. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं हा प्रश्न तात्त्विक नाही. मराठवाड्यात उन्हाळे कडक होत चाललेत, पत्र्याखाली माणसं भाजतायत, आणि जमिनीखालचा धोकाही संपलेला नाही.

तुमच्या विषयासाठी

तुम्ही कदाचित घरांवर काम करणार नाही. बियाणं, औषधी वनस्पती, पाणी साठवायच्या पद्धती, एखादा सण, काहीही असेल. प्रस्ताव लिहिताना मी आता स्वतःला हे प्रश्न विचारते, तुम्हीही विचारून पाहा.

एक. मी दिलेलं कारण या गोष्टीचा किती भाग समजावतं? शक्य असेल तर आकड्यात मांडा. माझ्या बाबतीत उत्तर ‘पहिला फूट’ असं आलं.

दोन. कारण खोटं असतं तर काय वेगळं दिसलं असतं? उत्तरेची खिडकी हा तसा प्रश्न होता. प्रत्येक विषयात अशी एखादी खिडकी असते, ती शोधा.

तीन. ही गोष्ट एका दिवशी घडली की साचत गेली? साचत गेली असेल तर तिचे थर कुठे दिसतील?

चार. कोणाची गोष्ट टिकली आणि कोणाची टिकली नाही? कुडाची घरं माझ्या पहिल्या प्रस्तावात नव्हतीच.

प्रस्तावातलं ते वाक्य आता असं आहे: ‘मराठवाड्यातल्या माळवदाच्या जाडीचा काही भाग हवामानाशी, काही देखभालीच्या पद्धतीशी आणि भिंतींची रचना बांधकाम-साहित्य, सुरक्षितता व सामाजिक स्थानाशी निगडित दिसते; या घटकांचं प्रमाण वेगळं करणं हा प्रस्तुत संशोधनाचा हेतू आहे.’ वाचायला रूक्ष आहे, मान्य. समितीनं त्यावर दोन तास प्रश्न विचारले. पहिल्या वाक्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.